आपली श्रद्धा आणि आपले शेजारी : आंतरधर्मीय सुसंवादाचा एक पाठ



२०११ च्या जनगणनेनुसार आपल्या बुलडाणा जिल्ह्याची लोकसंख्या पंचवीस लाखांहून अधिक आहे. त्यात बहुसंख्य हिंदू आहेत. दर सात माणसांमागे साधारण एक बौद्ध आणि एक मुस्लिम आहे. आपण ख्रिस्ती मात्र एक टक्क्याच्याही पुष्कळ खाली. रविवारचा मिस्सा आटोपून आपण चर्चच्या फाटकाबाहेर पडलो की पुढच्या रविवारपर्यंत आपला सारा व्यवहार अन्य धर्मीय बंधुभगिनींशीच असतो. घरी दूध घालणारा भाऊ, मुलांचे गुरुजी, दवाखान्यातली नर्सबाई, सोयाबीन सोंगायला सोबत येणारी बाई, एस.टी.त शेजारी बसणारा माणूस, यांतले कोणीही बहुधा ख्रिस्ती नसते. आपल्यातील कित्येकांचे मामा-मावशी आणि सासुरवाडही बौद्ध किंवा हिंदू आहे.

म्हणून 'आंतरधर्मीय सुसंवाद' हा विषय रोममधल्या किंवा सेमिनरीतल्या पंडितांवर सोपवून आपल्याला मोकळे होता येत नाही. तो आपल्या ओट्यावरचा विषय आहे. आज या विषयावर ख्रिस्तसभा काय शिकवते आणि ते आपल्या जिल्ह्यात कसे जगायचे, हे आपण थोडे सविस्तर पाहू.

प्रथम दोन पळवाटांविषयी सावध राहू. पहिली पळवाट म्हणजे "आपण भले नि आपले चर्च भले." संख्येने थोडे असलेल्या समाजाला हा विचार सुरक्षित वाटतो. पण दार बंद केल्याने भीती कमी होत नाही, वाढते. आणि बाहेरच्यांच्या मनात आपल्याविषयी नसते संशय उत्पन्न होतात. दुसरी पळवाट म्हणजे "सगळे धर्म सारखेच, नावे तेवढी वेगळी." हे बोलणे कानाला गोड लागते, पण त्याने कोणाचाच मान राखला जात नाही. पाच वेळा नमाज पढणाऱ्या मुस्लिम बांधवाला अथवा बावीस प्रतिज्ञा मनापासून पाळणाऱ्या बौद्ध बांधवाला आपण "तुझे नि माझे सारखेच" म्हणालो, तर त्याची श्रद्धा नीट समजून घेण्याचे कष्टच आपण टाळले असे होईल. पहिल्या पळवाटेत शेजारी हरवतो, दुसरीत प्रभू येशू हरवतो. सुसंवादाची वाट या दोन्हींपेक्षा वेगळी आहे.

१) याकोबाची विहीर

योहानलिखित शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात ही वाट आपल्याला प्रत्यक्ष दिसते. भर दुपारी दमलेला येशू विहिरीपाशी बसतो आणि पाणी भरायला आलेल्या शोमरोनी बाईकडे पाणी मागतो. यहुदी लोक शोमरोन्यांच्या भांड्याला शिवत नसत. विहिरीचे पाणी आणि विटाळ यांचा संबंध आपल्या महाराष्ट्राला कोणी समजावून सांगायला नको. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला होता. त्या बाईच्या घागरीतले पाणी मागून येशूने तिला आधी माणूस म्हणून मान दिला.

येथे तीन गोष्टी ध्यानात घ्याव्या. येशूने सुरुवात उपदेशाने केली नाही, मागण्याने केली. देणारा म्हणून तो उभा राहिला नाही. 'मला तुझी गरज आहे' असे तो म्हणाला. दुसरी गोष्ट, त्याने तिचे प्रश्न ऐकून घेतले. देवाची उपासना या डोंगरावर करावी की यरुशलेमेत, हा तिचा प्रश्न थेट दोन समाजांच्या भांडणातला होता. तरीही त्याने तो उडवून लावला नाही. तिसरी गोष्ट, त्याने आपली श्रद्धा लपवली नाही. तारण यहुद्यांतून येते असे तो तिला स्पष्ट म्हणाला आणि शेवटी आपण कोण आहोत तेही त्याने सांगितले. मागणे, ऐकणे आणि सांगणे हा क्रम आपण लक्षात ठेवू या. बहुधा आपण शेवटच्या पायरीवरून सुरुवात करतो, किंवा तिथपर्यंत कधी पोहोचतच नाही.

कफर्णहूम येथील रोमी शताधिपतीची गोष्टही अशीच. तो यहुदी नव्हता. तरी इतका विश्वास इस्राएलातही आढळला नाही, अशी साक्ष प्रभूने सर्वांसमक्ष दिली. दुसऱ्याच्या अंगणात फुललेले चांगले फूल पाहून प्रभूला आनंद झाला. आपल्यालाही तो व्हावा.

२) ख्रिस्तसभेची शिकवण

ऑक्टोबर १९६२ ते डिसेंबर १९६५ या काळात रोममध्ये दुसरी व्हॅटिकन विश्वपरिषद भरली. ती चालू असतानाच परमगुरू सहावे पौल डिसेंबर १९६४ मध्ये जागतिक ख्रिस्तप्रसाद संमेलनासाठी मुंबईला आले. परमगुरूंचे पाय भारताच्या भूमीला लागण्याची ती पहिलीच वेळ. मुंबईत त्यांनी अन्य धर्मांच्या प्रतिनिधींची भेट घेतली आणि त्यांच्यापुढे बोलताना बृहदारण्यक उपनिषदातील सत्याची व प्रकाशाची याचना करणाऱ्या प्रार्थनेचा आदराने उल्लेख केला. साऱ्या जगाच्या ख्रिस्तसभेचा प्रमुख भारतीय ऋषींच्या प्रार्थनेला मान देतो, ही गोष्ट त्या काळी अनेकांना नवी होती.

पुढच्याच वर्षी, २८ ऑक्टोबर १९६५ रोजी, विश्वपरिषदेने 'नोस्त्रा एताते' हे निवेदन जाहीर केले. २,२२१ मते बाजूने आणि ८८ विरुद्ध पडली. २०२५ मध्ये या निवेदनाला साठ वर्षे पूर्ण झाली. विश्वपरिषदेच्या सोळा दस्तऐवजांत हे सर्वांत लहान आहे. त्यात अवघे पाच परिच्छेद आहेत. त्यात हिंदू, बौद्ध, इस्लाम आणि यहुदी या धर्मांचा नाव घेऊन विचार केलेला आहे. म्हणजे आपल्या जिल्ह्यातील तिन्ही मोठ्या समाजांचा त्यात उल्लेख आहे. ते जणू आपल्यासाठीच लिहिले आहे असे म्हटले तरी चालेल.

हे निवेदन काय सांगते? या धर्मांत जे जे सत्य व पवित्र आहे त्यातले काहीही ख्रिस्तसभा नाकारत नाही. उलट त्याकडे मनापासून आदराने पाहते. पण त्याच परिच्छेदात हेही सांगितले आहे की, मार्ग, सत्य व जीवन असलेल्या ख्रिस्ताची घोषणा करणे हे ख्रिस्तसभेचे अखंड कर्तव्य आहे. काही जण पहिले वाक्य वाचून थांबतात, काही जण फक्त दुसरे वाचतात. दोन्ही एकत्र वाचायची आहेत.

हे एकत्र कसे जमेल, असा प्रश्न पडतो. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासात याचे उत्तम उदाहरण संत थॉमस अक्वायनस यांचे आहे. तेराव्या शतकातल्या या महान आचार्यांनी इब्न सिना आणि इब्न रश्द या मुस्लिम तत्त्वज्ञांचे व मायमोनिडीस या यहुदी तत्त्ववेत्त्याचे ग्रंथ बारकाईने अभ्यासले. जे पटले ते घेतले. इब्न रश्द यांच्या काही मतांचे त्यांनी जोरदार खंडन केले. तरी ॲरिस्टॉटलच्या ग्रंथांवरील टीकेसाठी 'भाष्यकार' म्हणून त्यांचा मान राखला. एखाद्याचे म्हणणे खोडून काढण्याइतके मन लावून वाचणे हाही आदरच आहे. मतभेद आणि अनादर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपण मुलांना लहानपणीच शिकवले पाहिजे.

३) साष्टीचा धडा

हा विषय शिकताना आपल्या स्वतःच्या इतिहासातले एक दुखरे पान वाचणे आवश्यक आहे. सोळाव्या शतकात गोव्यात पोर्तुगीजांचे राज्य होते. १५६७ साली साष्टी भागातील देवळे सत्तेच्या बळावर पाडण्यात आली. १५८० साली येशूसंघीय फादर रुदोल्फ अक्वाविवा हे अकबर बादशहाच्या निमंत्रणावरून फत्तेपूर सिक्रीला गेले. तेथे विविध धर्मांच्या पंडितांबरोबर त्यांनी चर्चा केल्या. बादशहाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाही, पण फादरांविषयी त्याच्या मनात आदर राहिला. हेच फादर अक्वाविवा १५८३ साली गोव्याला परतले आणि त्याच वर्षी जुलै महिन्यात साष्टीतील कुंकळ्ळी गावात चार येशूसंघीय सोबत्यांसह मारले गेले. ख्रिस्तसभेने १८९३ साली या पाच जणांना धन्य घोषित केले. मात्र गोष्टीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कुंकळ्ळीच्या लोकांनी आपली देवळे पाडलेली पाहिली होती. पुढे गावच्या पुढाऱ्यांना बोलणीसाठी म्हणून बोलावून घेऊन पोर्तुगीज सत्तेने ठार केले.

एकच फादर. बादशहाच्या दरबारात ते केवळ आपल्या श्रद्धेच्या बळावर गेले, तेथे त्यांचे ऐकून घेतले गेले. साष्टीत त्यांच्या मागे तलवार उभी होती, तेथे त्यांचे शब्द कोणाला ऐकू आले नाहीत. श्रद्धेच्या पाठीशी जबरदस्ती उभी राहिली की संवाद संपतो, मग धर्म कोणताही असो. १२ मार्च २००० रोजी परमगुरू दुसरे जॉन पॉल यांनी संत पेत्राच्या महामंदिरात ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या हातून घडलेल्या पापांबद्दल देवाकडे जाहीर क्षमा मागितली. इतर संस्कृती व धर्म यांचा मान न राखल्याच्या पापाचाही त्यात उल्लेख होता. म्हणून शेजाऱ्याने आपल्याला गोव्याचा इतिहास विचारला तर आपण रागावू नये किंवा विषय बदलू नये.

त्याच साष्टीत फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडात जन्मलेले येशूसंघीय १५७९ पासून सुमारे चाळीस वर्षे राहिले. त्यांनी लोकांची भाषा शिकली आणि १६१६ साली मराठीत ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' प्रसिद्ध केले. देवनागरी टाइप उपलब्ध नसल्याने ते रोमन लिपीत छापले गेले. ग्रंथाला त्यांनी 'पुराण' म्हटले, छंद संतांचा घेतला आणि स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा लोकांच्या ओठांवरचा शब्द वापरला. ज्यांची जुनी पुराणे काढून घेतली गेली होती त्यांच्यासाठी हा ग्रंथ लिहिला गेला, हे सत्यही विसरू नये. तरीही परक्या देशातला माणूस आपल्या भाषेवर इतके प्रेम करतो, म्हणूनच मराठी वाङ्मयात त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते.

हाच वारसा आपल्या काळात वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी चालवला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. ख्रिस्ती धर्मगुरूला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. काही संघटनांनी त्यांच्या निवडीला विरोध केला. पण प्रकृती ठीक नसतानाही फादर गेले, आणि मराठी वाचकांनी त्यांचे प्रेमाने स्वागत केले. ते प्रेम एका दिवसात मिळालेले नव्हते. वसईच्या पर्यावरणासाठी सर्व धर्मांच्या लोकांबरोबर दिलेला लढा आणि अनेक वर्षे केलेले मराठी लेखन त्याच्या मागे होते. २५ जुलै २०२४ रोजी ते प्रभूच्या घरी गेले.

४) सुसंवादाची चार रूपे

१९९१ साली व्हॅटिकनने 'सुसंवाद आणि घोषणा' हा दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्यात सुसंवादाची चार रूपे सांगितली आहेत. ती आपल्या जिल्ह्यात कशी दिसतील ते पाहू.

अ) जीवनाचा सुसंवाद : सुखदुःखात एकमेकांच्या दारी जाणे. लग्न, मयत, बारसे, आजारपण. नाताळचा फराळ शेजारी पोहोचवणे आणि दिवाळीचा किंवा ईदचा डबा आनंदाने घेणे. याला पदवी लागत नाही. आपल्या आया-आज्या हे पूर्वीपासून करत आल्या आहेत.

आ) कृतीचा सुसंवाद : सर्वांच्या भल्यासाठी एकत्र काम करणे. आपल्या भागात पाणीटंचाई आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या हे प्रश्न धर्म विचारून येत नाहीत. कर्जाने खचलेल्या घरी आधार द्यायला जाताना त्या घराच्या दारावर क्रूस आहे की तोरण, हे पाहण्याची गरज नाही. आषाढीला शेगावहून गजानन महाराजांची पालखी पंढरपूरकडे निघते, तेव्हा वाटेवरच्या ख्रिस्ती घरांनी वारकऱ्यांना पाणी पाजले तर ती प्रभूच्या वचनानुसार तहानलेल्याची सेवाच ठरेल.

इ) विचारांचा सुसंवाद : एकमेकांची शिकवण जाणून घेणे. हे प्रामुख्याने अभ्यासकांचे काम असले, तरी आपल्यालाही निदान इतके माहीत असावे की वारकरी तुळशीमाळ का घालतो, रोजा का धरतात, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला काय घडले. आपल्याच जिल्ह्यातल्या सिंदखेडराजाची लेक जिजाऊ. तिचे पती शहाजीराजे यांचे नाव शाह शरीफ या पिराच्या नावावरून ठेवले, असे परंपरा सांगते. ही माती अशी एकमेकांत मिसळलेली आहे.

ई) आध्यात्मिक अनुभवाचा सुसंवाद : प्रार्थनेत रुजलेल्या माणसांनी आपली आध्यात्मिक संपत्ती एकमेकांपुढे ठेवणे. २७ ऑक्टोबर १९८६ रोजी दुसरे जॉन पॉल यांनी असिसी येथे जगातील धर्मपुढाऱ्यांना शांतीसाठी बोलावले. सर्वांनी मिळून एकच सरमिसळ प्रार्थना केली नाही. प्रत्येकाने आपापल्या परंपरेप्रमाणे प्रार्थना केली आणि इतरांनी आदराने शांत राहून साथ दिली. होळीच्या दिवसांत पिंपळगाव सराईजवळ सैलानीबाबांची यात्रा भरते. तेथे सर्व धर्मांचे लोक जातात, मनाने आजारी असलेल्या आप्तांना घेऊन जातात. त्यांच्या व्याकुळतेला आपण हसू नये. मात्र अशा रुग्णाला डॉक्टरकडेही न्यावे, असा शेजारधर्माचा सल्ला जरूर द्यावा.

५) नेहमी विचारले जाणारे प्रश्न

"फादर, शेजारच्या पूजेला बोलावतात. जावे का? प्रसाद घ्यावा का?"
संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात (अध्याय ८ व १०) याच प्रश्नाचा विचार केला आहे. अन्न मुळात देवाचे आहे, ते बाटत नाही. शेजाऱ्याने जेवायला बोलावले तर उगाच चौकशा न करता जेवावे. पण अन्य उपासनेत उपासक म्हणून भाग घेऊ नये. आणि आपल्या वागण्याने एखाद्या कच्च्या श्रद्धेच्या भावाचा गोंधळ होत असेल, तर त्याच्यासाठी आपण थांबावे. म्हणून शेजाऱ्याच्या घरी जरूर जा, आदराने बसा, त्यांच्या आनंदात सहभागी व्हा. आरतीचे ताट हाती घेण्याची वेळ आली तर नम्रपणे सांगा, "काकू, तुम्ही करा, मी इथेच बसते." प्रसाद देताना तो पूजेचा भाग म्हणून दिला जातो की प्रेमाचा घास म्हणून, हे तारतम्याने ओळखावे. नाही म्हणायचेच असेल तर तोंड वाकडे करून म्हणू नये.

"नाताळच्या मिस्साला हिंदू मित्र येतात आणि ख्रिस्तशरीर घ्यायला रांगेत उभे राहतात. काय करावे?"
त्यांना तो प्रसाद वाटतो, आणि प्रसाद नाकारणे हा आपल्याकडे अपमान समजला जातो. म्हणून त्यांना घेऊन येणाऱ्यानेच आधी, घरी असतानाच, समजावून सांगावे की स्नानसंस्कार घेतलेल्या व तयारी केलेल्या श्रद्धावंतांनाच ख्रिस्तशरीर दिले जाते. पण हात छातीशी जोडून पुढे आलात तर फादर आशीर्वाद देतील. ऐन रांगेत कोणाला मागे पाठवण्याची वेळ येऊ देऊ नका.

"मुलीने बौद्ध (किंवा हिंदू) मुलगा पसंत केला आहे. आता?"
प्रथम घरात आदळआपट न करता दोघांनाही माझ्याकडे घेऊन या. महागुरुस्वामींकडून आवश्यक ती सूट मिळाल्यास असा विवाह चर्चमध्ये होऊ शकतो. कॅथलिक व्यक्तीने आपली श्रद्धा टिकवण्याचे आणि मुलांना कॅथलिक श्रद्धेत वाढवण्यासाठी आपल्याकडून शक्य ते सर्व करण्याचे वचन द्यायचे असते. दुसऱ्या पक्षाला हे वचन कळवले जाते. त्याच्याकडून वचन घेतले जात नाही आणि धर्म बदलण्याची अटही घातली जात नाही. मात्र मुलांचे संस्कार, सण, सासरच्या अपेक्षा यांविषयी लग्नाआधी मोकळेपणी बोलणे अत्यावश्यक आहे. न बोललेले प्रश्न पाळण्यापाशी उभे राहतात.

"तुम्ही लोक धर्मांतर करता, असे कोणी म्हटले तर?"
शांतपणे उत्तर द्या. विश्वपरिषदेची शिकवण स्पष्ट आहे : कोणावरही श्रद्धेची सक्ती करू नये, आमिष दाखवू नये. आपण दिलेली गोळी, वही किंवा धान्य हे गळाला लावलेले आमिष नव्हे. तसे कोणी करत असेल तर ते ख्रिस्ताच्या नावाला बट्टा लावतात. पण कोणी आपणहून आपल्या आशेचे कारण विचारले, तर संत पेत्र सांगतो त्याप्रमाणे सौम्यतेने व आदराने ते सांगायला लाजूही नका. आपल्या राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमाने प्रत्येकाला सदसद्विवेकबुद्धीचे व धर्माचे स्वातंत्र्य दिले आहे. ते जितके आपले, तितकेच शेजाऱ्याचेही.

६) घरी विचार करण्यासाठी

• माझ्या गल्लीतील अन्य धर्मीय कुटुंबांपैकी किती जणांच्या घरी मी गेल्या वर्षभरात गेलो? फक्त कामासाठी की सहज?
• दुसऱ्या धर्माविषयी मोबाइलवर आलेला द्वेषाचा मजकूर मी पुढे पाठवतो का? खरे-खोटे न पाहता पाठवलेला मजकूर ही शेजाऱ्याविरुद्ध दिलेली खोटी साक्षच आहे, हे मला पटते का?
• कोणी मला "तुम्ही येशूवर विश्वास का ठेवता?" असे विचारले, तर मी दोन मिनिटांत काय सांगेन?

कृती : या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने एका अन्य धर्मीय शेजाऱ्याकडे काही तरी मागावे. लोणच्याची कृती, शेतीचा सल्ला, मुलाच्या अभ्यासाला मदत, काहीही चालेल. आपण द्यायला नेहमी तयार असतो. येशूने विहिरीपाशी मागितले होते, हे आठवावे.

प्रार्थना : हे प्रभू येशू, शोमरोनी बाईच्या घागरीतले पाणी मागायला तू लाजला नाहीस. आमच्या शेजाऱ्यांच्या दारी जायचे धैर्य आम्हाला दे. त्यांच्यात तू पेरलेले चांगले आम्हाला दिसू दे आणि तुझे नाव आमच्या ओठांवर प्रेमाने येऊ दे. आमेन.

आपला,
धर्मगुरू